कोल्ह्याच्या लग्नातले आगंतुक

दुसऱ्याचं स्वप्न ऐकणं ही शिक्षा आहे. सकाळी चहाचा कप तोंडाशी नेताना समोरचं माणूस "काल काय विचित्र स्वप्न पडलं म्हणून सांगू!" असं म्हणालं, की सकाळ गेली असं समजावं. सांगणाऱ्याला सुरुवात आठवत नसते, शेवट तर नसतोच. "म्हणजे घर आपलंच होतं, पण आपलं नव्हतं. आणि तू होतास, पण तू म्हणजे माझा मामा होतास." आपण मामा झाल्याबद्दल काय बोलावं हे सुचेपर्यंत चहा गार होतो. वर सांगून झाल्यावर तो माणूस आपल्याकडे अशा नजरेने बघत राहतो, की आता अर्थ सांगणं ही आपली जबाबदारी.

हाच उद्योग अकिरा कुरोसावा नावाच्या जपानी दिग्दर्शकाने वयाच्या ऐंशीव्या वर्षी सगळ्या जगाबरोबर केला. 'ड्रीम्स' हा त्याचा 1990 सालचा सिनेमा. दोन तास, आठ स्वप्नं, सगळी स्वतःची. प्रत्येकाच्या आधी पडद्यावर एक ओळ येते आणि ती एवढंच सांगते की मला असं एक स्वप्न पडलं. पुढे स्पष्टीकरण नाही. आपल्याकडे ऐंशी वर्षांच्या गृहस्थांनी स्वप्न सांगायला घेतलं तर सून हळूच मिक्सर सुरू करते. कुरोसावासाठी मात्र स्टीव्हन स्पीलबर्गने शब्द टाकला, वॉर्नर ब्रदर्सने हात दिला, जॉर्ज लुकसच्या कंपनीने चमत्कारांची दृश्यं करून दिली आणि त्या वर्षीच्या कान महोत्सवाचा पडदा याच सिनेमाने उघडला. माणसाने आधी 'सेव्हन सामुराई' काढून ठेवावा, मग म्हातारपणी त्याची स्वप्नं ऐकायला लोक तिकीट काढून येतात.

आपल्याकडे स्वप्न नुसतं पडून भागत नाही, त्याचं पुढे काहीतरी व्हावं लागतं. माझ्या आत्याकडे या बाबतीत पक्का हिशेब होता. पहाटेचं स्वप्न खरं होतं, दुपारचं धरायचं नाही. स्वप्नात कुणी मेलं तर त्याचं आयुष्य वाढलं. लग्न दिसलं तर मात्र वाईट. हत्ती शुभ, दात पडणं अशुभ. रात्री भजी जास्त झाल्यामुळे पडलेल्या स्वप्नाला तिच्या शास्त्रात जागाच नव्हती. आणि तिच्या पाठीशी परंपरा केवढी! हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेलं राज्य सकाळी उठून खरोखर देऊन टाकलं, हे आम्ही कीर्तनात ऐकलेलं. (स्वप्नातल्या दानपत्राला मुद्रांक लागत नाही, हे विश्वामित्रांनी बरोबर हेरलं असावं.) उषेने स्वप्नात एक तरुण पाहिला, तर चित्रलेखेने एकामागून एक चित्रं काढून तो अनिरुद्ध असल्याचं शोधून काढलं आणि त्याला झोपेतल्या झोपेत उचलून आणलं. तुकोबांच्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले, तेही काम सांगायलाच. थोडक्यात, नुसतं बघायचं आणि सोडून द्यायचं स्वप्न आपल्याला परवडत नाही. हल्ली तर स्वप्न म्हणजे टू बीएचके, आणि त्याचा अर्थ आत्याला नव्हे, बँकेला विचारायचा.

म्हणूनच आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सचिवांनी "स्वप्नांवरचा एखादा प्रेरणादायी सिनेमा सुचवा" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते मला दिसत होतं. खेड्यातला मुलगा, कंदील, फाटकी वही, मध्यंतरापर्यंत हालअपेष्टा, शेवटी लाल दिव्याची गाडी आणि डोळे पुसणारी आई. मी म्हटलं, "आहे. नावच 'ड्रीम्स'." त्यांनी पुढे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सिनेमा जपानी, खालची अक्षरं इंग्रजी, आणि प्रेक्षकांपैकी निम्म्यांचे चष्मे घरी किंवा कपाळावर. तेव्हा पडद्याशेजारी उभं राहून चाललेलं मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. मूकपटांच्या काळात जपानमध्ये हा रीतसर पेशा होता. अशा निवेदकाला बेन्शी म्हणत, आणि लोक नटाचं नव्हे तर बेन्शीचं नाव बघून थेटरात शिरत. कुरोसावाचा थोरला भाऊ हेइगो हा बेन्शीच. धाकट्याला सिनेमाचं वेड लावलं ते त्याने. बोलपट आले, बेन्शींची गरज संपली, आणि 1933 साली हेइगोने आत्महत्या केली. हे मी सभागृहात सांगितलं नाही. मला "जरा मोठ्याने!" एवढीच दाद मिळत होती.

पहिलं स्वप्न. एका मोठ्या घराच्या दारात लहान मुलगा उभा. ऊन आहे आणि पाऊसही पडतोय. आई म्हणते, आज बाहेर जाऊ नकोस, अशा हवेत कोल्ह्यांची लग्नं लागतात आणि माणसांनी ती बघितलेली त्यांना खपत नाही.

मी एवढं सांगितलं मात्र, सभागृह सावरून बसलं. "अहो, हे तर आपलंच!" उन्हात पाऊस म्हणजे कोल्ह्याचं लग्न, हे आमच्या पिढीला अक्षरओळखीच्या आधी ठाऊक. तोक्योकडच्या आणि साताऱ्याकडच्या कोल्ह्यांनी एकच मुहूर्त कसा धरला यावर मागच्या रांगेत चर्चा सुरू झाली. फरक इतकाच, की आपल्याकडे हे लग्न लागतं पण कुणी पाहिलेलं नाही. कुरोसावाने पाहिलंय. उंच झाडांच्या मधून, धुक्यातून वरात येते. चार पावलं टाकायची, थबकायचं, एकदम मान वळवून बघायचं, पुन्हा चार पावलं. डीजे नाही, रस्त्यात लोळण घेऊन नागीण नाचणारे नवरदेवाचे मित्र नाहीत. "किती शिस्त!" एक काकू म्हणाल्या. "म्हणून तर माणसं नको असतात त्यांना," दुसऱ्या म्हणाल्या.

मुलगा झाडाआडून बघतो आणि पकडला जातो. घरी येतो तर आई दारातच. कोल्हा येऊन गेला, रागावलाय, हे देऊन गेलाय, असं म्हणून ती त्याच्या हातात एक सुरा ठेवते. पोट फाडून घेण्यासाठी. जा, त्यांची मनापासून क्षमा माग. त्यांनी क्षमा केली नाही तर तुला घरात घेता येणार नाही. कोल्हे राहतात इंद्रधनुष्याखाली. आणि ती दार लावून घेते.

काकूंचा संताप अनावर झाला. "ही कुठली आई? आधी आत घे, डोकं पूस, गरम काहीतरी दे, मग काय सुरी द्यायची ती दे!" मला हे पटलं. सुरा असो की प्रगतिपुस्तक, मराठी आई आधी डोकं पुसते. तिकडे मुलगा फुलांच्या माळातून, हातात सुरा घेऊन, समोरच्या इंद्रधनुष्याकडे चालत निघालेला. स्वप्न संपलं.

"मग? केलं का माफ?"

"ते दाखवलेलं नाही."

"असं कसं? पेन ड्राइव्ह नीट लागलाय ना?" सचिवांनी स्वतः उठून तपासलं.

मी हा सिनेमा आधी पाहिलेला होता, पण त्या मुलाकडे नीट लक्ष गेलं ते त्या संध्याकाळी, मराठीत सांगावं लागलं तेव्हा. 1970 साली कुरोसावाचा पहिला रंगीत सिनेमा पडला. जपानमध्ये त्याला पैसे द्यायला कुणी तयार होईना. 1971 च्या डिसेंबरमध्ये त्याने वस्तऱ्याने स्वतःला कापून घेतलं. वाचला. पुढे रशियात जाऊन 'देर्सू उझाला' केला, त्याला ऑस्कर मिळालं. मग 'कागेमुशा', मग 'रान', आणि मग हा. ज्याच्या घरात आणि हातात ते पातं खरोखर येऊन गेलेलं आहे, असा माणूस ऐंशीव्या वर्षी एक पोरगं पडद्यावर चालतं करतो. त्याच्या मुठीत सुरा देतो आणि सुरा चालण्याच्या आत स्वप्न थांबवतो. माफी मिळाली की नाही हे त्याने मुद्दाम झाकून ठेवलंय असं मला वाटत नाही. त्या पोराला चालत ठेवण्यातच त्याला गोडी होती.

दुसऱ्या स्वप्नात घरच्यांनी पीचची बाग तोडलेली आहे. बाहुल्यांच्या सणाच्या दिवशी त्या झाडांचे आत्मे बाहुल्यांच्या रूपात येऊन मुलाची हजेरी घेतात. मुलगा रडतो. ते म्हणतात, पीच खायला मिळणार नाहीत म्हणून रडतोस. तो उसळून सांगतो, पीच बाजारात मिळतात; बहरलेली बाग कुठल्या बाजारात मिळते? मग ते त्याला एकदाच, नाच करून, सगळी बाग फुललेली दाखवतात. नंतर खुंट.

इथे निवेदक थोडा घसरला. मला नेमाने पडणाऱ्या स्वप्नात बाग नाही, गिरगावातल्या आमच्या चाळीचा नळ आहे. चाळ केव्हाच पाडली, तिथे आता टॉवर आहे आणि त्याच्या बागेत पीच सोडून सगळं आहे. स्वप्नात मी बादली घेऊन रांगेत उभा असतो, पाणी जायची वेळ झालेली असते, आणि पुढे उभी असलेली माणसं एकूण एक दिवंगत. खालच्या मजल्यावरचे मास्तर, कोपऱ्यातल्या मावशी, आमचे नाना. मेली तरी सुधारलेली नाहीत. मावशी अजून "एकच कळशी आहे रे" म्हणत मध्येच घुसतात. माझा नंबर आला की नळ फुस्स करतो. आत्या असती तर तिने याचा अर्थ पाणीटंचाई किंवा पितर असा काढून पानावर काहीतरी वाढायला लावलं असतं. कुरोसावा पाहिल्यापासून मला अर्थाची घाई नसते. बागेत झाडं एकदाच दिसली, मावशी अधूनमधून दिसतात, रांग मोडतात. मला तेवढं पुष्कळ आहे. कळशी भरू दे त्यांची.

तिसरं स्वप्न हिमवादळाचं. चार गिर्यारोहक एकमेकांना दोर बांधून बर्फातून चाललेत. म्हणजे चाललेत असं आपण समजायचं, कारण एक पाऊल आणि दुसरं पाऊल यांच्यामध्ये माणसाचं पेन्शन सुरू होईल. ऐकू येतो फक्त श्वास. हे संथपण सोसणं हा सिनेमाचा भाग आहे असं माझं मत. ते मी त्या वेळी मांडलं नाही, कारण ऐकायला जागं कुणी नव्हतं. पडद्यावर एक माणूस झोपेशी जिवाच्या आकांताने झगडत होता आणि समोर निम्मा संघ शांतपणे घोरत होता. साथीदार आडवे झालेत, म्होरक्याही कोसळतो. एक सुंदर बाई येते, त्याच्यावर तलम वस्त्रं घालते आणि सांगते, बर्फ उबदार असतो. तो उठू बघतो, ती दाबते. शेवटी तो तिला झटकून उठतो. ती वाऱ्यात विरते, वादळ ओसरतं, आणि त्यांचा तळ दिसतो. हाकेच्या अंतरावर. सगळा वेळ तिथेच होता.

आता जरा, पुढे सांगणार आहे ती धरून, आठही स्वप्नं डोळ्यांपुढे आणा. त्यातला 'मी' लहान असताना बघ्या आहे आणि मोठेपणी टोपी घालून बघ्या आहे. त्याला बाग वाचवता येत नाही, सैनिक वाचवता येत नाहीत, व्हॅन गॉगला थांबवता येत नाही, फुजी पर्वत वितळतो त्याला तो काय करणार? एकाच स्वप्नात त्याच्या हातून काही घडतं, ते या बर्फातल्या. आणि करतो काय, तर झोपायचं नाकारतो! स्वप्नांवरच्या अख्ख्या सिनेमात माणूस वाचतो तो जागा राहून. समीक्षकांना आशा दिसते ती सहसा शेवटच्या, पाणचक्क्यांच्या गावात. मला ती इथे, त्या तंबूच्या दोरीला अडखळण्याइतक्या अंतरावर दिसली. ज्या दिवसांत काही म्हणजे काही दिसत नव्हतं, त्या दिवसांत आपला तंबूही असाच कुठेतरी शेजारी उभा असणार, ही शक्यता मला तेव्हापासून फार आवडते. खरी असेलच असं नाही.

बोगद्यातल्या स्वप्नाने मात्र सगळे जागे झाले. युद्धावरून परतणारा अधिकारी बोगद्यातून बाहेर येतो, आणि मागोमाग त्याची मेलेली पलटण, निळ्या चेहऱ्यांची, कदम मिलाके. आपण मेलोय हे त्यांना कळलेलंच नाही. तो त्यांची क्षमा मागतो आणि अखेर हुकूम सोडतो: मागे फिर. पलटण निमूट फिरते. एका कारखान्यात पर्सोनेल मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ पुढे बसले होते. एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलणारे. "मेल्यावरसुद्धा ऑर्डर पाळतात," एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायला गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

पाचव्यात मार्टिन स्कॉर्सेसी व्हॅन गॉग झालाय. डच चित्रकार फ्रान्सच्या शेतात उभा राहून न्यूयॉर्कच्या लोकल पकडणाऱ्या माणसासारखा तडातड बोलतो. स्वतःचं चित्र काढताना कान जमेना, म्हणून कापून टाकला, असं सांगतो. "काम टाळायची सवय दिसते," मागून शेरा आला.

सहाव्यात फुजीच्या मागे अणुवीज केंद्राचा स्फोट होतो. एकामागून एक सहा भट्ट्या. किरणोत्सारी वायूंना रंग दिलेले: लाल प्लुटोनियम, पिवळा स्ट्रॉन्शियम, जांभळा सीझियम. म्हणजे आपण कशाने मरतोय ते कळावं. सुटातला एक अधिकारी हे समजावून सांगतो आणि नम्रपणे माफी मागून कड्यावरून उडी घेतो. 1990 साली हे अतिरंजित वाटण्याजोगं होतं. 2011 च्या मार्चमध्ये सुनामी आली आणि फुकुशिमातल्या तीन भट्ट्या वितळल्या. त्या केंद्रातही भट्ट्या सहाच होत्या. राजापूरकडचे एक काका बोटांवर मोजत होते. "जैतापूरला किती घालतायत हो?" मी म्हटलं, "सहा. प्रत्येकी 1730 मेगावॅट." काका म्हणाले, "रंग कुठले देणार ते विचारून ठेवायला हवं." या सिनेमातला हा सगळ्यात आरडाओरड्याचा भाग, चित्रपट म्हणून कच्चाच, पण कोकणातल्या माणसाला कलात्मक त्रुटी सांगायच्या त्या कोणत्या तोंडाने? पुढचं रडणाऱ्या राक्षसाचं स्वप्न चहा आल्यामुळे कुणी धड पाहिलं नाही, आणि फारसं बिघडलं नाही.

शेवटचं पाणचक्क्यांचं गाव. स्वच्छ ओढा, फिरती चाकं, वीज नाही, यंत्रं नाहीत. नागानो प्रांतातल्या अझुमिनोच्या वासाबीच्या मळ्यात याचं चित्रीकरण झालं. तिथल्या चक्क्यांपुढे पर्यटक फोटो काढत असतात. एकशेतीन वर्षांचे आजोबा पाहुण्याला निसर्ग, प्रकाश, अंधार यावर सांगू लागतात. सभागृहात समाधान पसरलं. अखेर प्रवचन आलं! सचिवांनी पेन काढलं. मला धाकधूक होती की हा सिनेमा इथे भजनी लागतो की काय. तेवढ्यात लांबून वाजतगाजत मिरवणूक येते. नव्व्याण्णव वर्षांच्या बाईंची अंत्ययात्रा, लोक नाचतायत. आजोबा लाल अंगरखा चढवतात, हातात घंटा घेतात, आणि जाता जाता हसत सांगतात: ती माझं पहिलं प्रेम. माझं काळीज मोडून दुसऱ्याकडे गेली.

हशा झाला. आमच्या संघातले सर्वांत वडील, अठ्ठ्याऐंशीचे आजोबा, जे वादळात सगळ्यात आधी झोपले होते, ते एकदम ताठ झाले. "बघा! ऐंशी वर्षं उलटली तरी विसरला नाही गडी!" मग त्यांनी विचारलं, त्या नटाचं खरं वय काय? मी सांगितलं, चिशू र्यू, पंच्याऐंशीच्या आसपास. "म्हणजे माझ्याहून लहान," आजोबा म्हणाले आणि आजूबाजूच्या काकूंकडे उगाच एक नजर टाकून आले.

दिवे लागले. सचिवांना त्रैमासिक अहवालासाठी संदेश हवा होता. रकाना छापीलच आहे: 'कार्यक्रमातून मिळालेला संदेश'. पर्यावरण लिहावं असं एक मत पडलं, आईने दार लावू नये असं काकूंचं, नियोजनाचा अभाव असं पर्सोनेलवाल्यांचं. मला विचारलं तर मी म्हटलं, तंबू जवळच होता असं लिहा. सचिवांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. अखेर रकान्यात पडलं ते असं: 'एकूण स्वप्ने आठ. पैकी सुखांत दोन. उपस्थिती चांगली. चहा कमी पडला.'

खुर्च्या आवरताना अठ्ठ्याऐंशीचे आजोबा माझ्याजवळ आले.

"याच माणसाचं ते सामुराई आहे ना? सात जण?"

"हो, आजोबा. पण ते मोठं आहे. जवळजवळ साडेतीन तास."

"असू दे. लावा पुढच्या वेळेला," ते म्हणाले. "मी डबा घेऊन येतो."